सहावं रीळ

शारजा,
२० ऑक्टोबर १९६३

चि. कुलसुम हीस जहूरमामूचा सलाम आणि दुवा.

तुझ्या अम्मीला सांग, तुझा भाऊ जिवंत आहे, दोन वेळा जेवतो आणि इथली मासळी आपल्या राजिवड्याच्या मासळीपेक्षा फार वाईट नाही. साजिदाचं पत्र एवढ्यातच संपतं. उरलेलं तुझ्यासाठी, कारण तू त्या 'चित्रचांदणे' पाक्षिकात प्रुफं तपासतेस आणि माझं भांडण त्या पाक्षिकाशी आहे.

मुंबईत मी पंधरा वर्षं टॉकीजच्या मशीनवर काढली, तेव्हा ऑपरेटर होतो. इथं चार महिन्यांत ऑपरेटर, मॅनेजर आणि झाडूवाला असे तिन्ही झालो. हमदुल्ला शेठचा सिनेमा म्हणजे चार भिंतींचं आवार, वर आभाळ आणि समोरच्या भिंतीवर चुन्याचे तीन हात. तोच पडदा. गेटवर इद्रीस असतो, तोही आपल्याकडचाच. शेठचा खरा धंदा लाकडाचा आहे. मलबारातून आलेले वासे आवाराच्या कोपऱ्यात रचलेले असतात आणि दर महिन्याला ते एक पाऊल पडद्याकडे सरकतात.

कुठला पिक्चर मागवायचा हे मला इथं बसून कसं कळणार? बोटीनं तुमचं पाक्षिक येतं, त्यातलं चकोरचं परीक्षण वाचतो आणि शेठला सांगतो. चकोरने लिहिलं की 'दरिया की दुल्हन' हे हृदयाला हात घालणारं चित्र आहे, कथेची वीण घट्ट आहे. मागवला. बहरीनला चालून प्रिंट आमच्याकडे आली. आता वीण किती घट्ट ते ऐक. भावाच्या तसबिरीला हार घातलेला, बहीण पांढऱ्या साडीत रडते आहे, लग्न मोडतं. आपले कोकणी, मलबारी, बलुची, सगळे नाक पुसतायत. दहा मिनिटांनी तोच भाऊ तिच्या साखरपुड्यात नाचायला लागला. लोकांना वाटलं, वाचला बिचारा. टाळ्या पडल्या. नाच संपवून तो होडी घेऊन गेला आणि बुडाला. त्यानंतर कोणी रडलंच नाही, बहीण सरळ हसत बोहल्यावर. पुढच्या रांगेत एक म्हातारा नाखवा बसतो. तो उठून म्हणाला, "आधी मय्यत, मग मौत? हा कुठला दरिया?" आणि त्यानं चप्पल भिंतीवर मारली. त्याचं बघून इतरांनीही मारल्या.

दुसऱ्या दिवशी शेठ आला. म्हणाला, "जहूर, पब्लिक बोलता है की मशीनवाला पागल है. ईदला एक पिक्चर लाव. चालला तर ठीक. नाहीतर खलास, या आवारात वासे रचतो आणि तुझं मशीन दुबईला विकतो." मशीन गेलं तर मीही बोटीत बसणार, हे तुझ्या अम्मीला सांगू नकोस.

आणखी एक गोष्ट. प्रिंटबरोबर गाण्यांची चोपडी येते ना, तिच्यात अर्धी गोष्ट छापून शेवटी 'आगे पर्दे पर देखिए' असं लिहितात. मी चोपडी आणि चकोरचं परीक्षण शेजारी ठेवलं. दोन्ही एकाच जागी थांबतात. भाऊ बंदरातून निघतो, आणि खलास. तुमच्या चकोरने पिक्चर पाहिलेलाच नाही, कुलसुम. त्याला एवढं विचार, की लिहिण्याआधी डोळे उघडायला त्याचं काय जातं.

तुझा मामू,
जहूर

माझगाव, मुंबई,
७ नोव्हेंबर १९६३

आदरणीय जहूरमामू यांस कुलसुमचा सलाम.

तुमचं पत्र अम्मीला वाचून दाखवलं, चपलांचा भाग गाळून. बोटीत बसण्याचा भागही गाळला.

चकोर यांना तुमचा निरोप जसाच्या तसा दिला. त्यांना फार वाईट वाटलं. मामू, तुम्ही म्हणता ते खोटं नाही, पण त्यांचीही बाजू आहे. एका अंकात सहा-सहा परीक्षणं भरायची असतात. पास मिळतात ते संध्याकाळच्या आणि रात्रीच्या खेळांचे, आणि चकोर यांना सहाच्या ठोक्याला घरी पोचावं लागतं, वडील फार कडक आहेत. मग संपादक चोपडी हातात ठेवतात आणि म्हणतात, यात गोष्ट आहे, गोड लिहा, पुढच्या पानावर त्यांची जाहिरात आहे. बाकी सगळी पाक्षिकंही असंच करतात. नटीनं नाश्त्याला काय खाल्लं यावर दोन पानं असतात आणि पिक्चर कसा आहे यावर वीस ओळी. त्या वीस ओळीसुद्धा निर्मात्याच्याच असतात.

चकोर म्हणाल्या, म्हणजे म्हणाले, की 'दरिया की दुल्हन' स्वतः जाऊन पाहीन आणि मगच मामूंना तोंड दाखवीन.

तुमची,
कुलसुम

शारजा,
२४ नोव्हेंबर १९६३

चि. कुलसुम,

तुझा चकोर बाप्या आहे ना? मिशा आहेत? आणि सहानंतर वडील घराबाहेर सोडत नाहीत. मोहिद्दीन भावजींसारखा दुसरा बाप मुंबईत आहे हे ऐकून मला नवल वाटलं. मी त्याहून जास्त काही बोलत नाही. मी फक्त मशीन चालवतो.

ईदचं सांगतो. शेठच्या मुंबईच्या माणसानं दोन नावं कळवली आहेत, दोन्ही नवे पिक्चर. एक 'नौलखा मीनार', त्यात हत्ती, तलवारी आणि अकरा गाणी. दुसरा 'छोटी खिड़की', त्यात कोण आहे तेही मला ठाऊक नाही. तीस जानेवारीपर्यंत मला तार करायची आहे. शेठचा जीव हत्तींवर आहे.

आपल्या हाफिजाखालाचं सांदण आठवतं? ईदला ताटभर यायचं, वरून असं फुगलेलं की बघत राहावं, आणि सुरी घातली की आत कच्चं पीठ. तेव्हापासून आपल्या घरात कशालाही 'हाफिजाचं सांदण' म्हणतात. साजिदा तर भावजींच्या भाषणालाही म्हणते. मला चकोरकडून एवढंच हवं आहे: कुठलं सांदण शिजलेलं आहे ते सांग. गोडपणाचं मी बघून घेईन.

जहूरमामू

माझगाव,
१२ डिसेंबर १९६३

जहूरमामू यांस सलाम.

मिशा नाहीत. चकोर मीच. दीड वर्ष झालं. आधीचे चकोर निवृत्त झाले तेव्हा संपादक म्हणाले, नाव तेच राहू द्या, वाचकांना सवय आहे. अब्बांना फक्त प्रुफं माहीत आहेत. सिनेमाच्या पाक्षिकात मुलीचं नाव छापून येतं हे कळलं तर नोकरी त्याच दिवशी सुटेल, आणि मला ती फार आवडते, मामू. चुकीची करत असले तरी आवडते.

तुमचं पत्र वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मग अम्मीला सगळं सांगितलं. रविवारी तिनं बुरखा घेतला आणि अब्बांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "चल, खालाकडे जाऊ." आम्ही मॅटिनीला गेलो. 'दरिया की दुल्हन' शेवटच्या एका टॉकीजमध्ये शेवटच्या आठवड्यात होता.

आता तुम्ही बसून वाचा. त्या पिक्चरमध्ये भाऊ साखरपुड्यात नाचतो, मग होडी घेऊन जातो, मग बुडतो. त्यानंतर तसबिरीला हार. त्यानंतर पांढरी साडी आणि मोडलेलं लग्न. मग तो नवरा मुलगा वर्षभर थांबतो आणि तिला हसवतो, मग बोहलं. अगदी सरळ आहे. अम्मी हाराच्या वेळी इतकी रडली की शेजारच्या बाईनं तिला पानाचा विडा दिला. वीण खरोखर घट्ट आहे. मी न बघता लिहिलं होतं ते योगायोगानं खरं निघालं, याची लाज वाटली ती वेगळीच.

मग मला एक विचारायचं आहे, आणि लहान तोंडी मोठा घास म्हणून माफ करा. तुमच्याकडे मय्यत आधी आणि मौत नंतर कशी झाली? पंधरा वर्षांच्या ऑपरेटरनं सहावं आणि सातवं रीळ उलटं तर लावलं नाही ना?

तुमची,
कुलसुम (चकोर)

शारजा,
३० डिसेंबर १९६३

चकोरबाईंना जहूरचा सलाम.

तू चकोर आहेस हे मला 'म्हणाल्या, म्हणजे म्हणाले' इथंच कळलं होतं. प्रुफं तपासणाऱ्या बाईनं पत्रात एवढी चूक ठेवू नये.

पण माझं ऐक, कारण माझी चूक तुझ्याहून मोठी आहे. तुझं पत्र वाचलं आणि मी मनात म्हटलं, पोरगी डोक्यावर चढली. तरी पायांनी मला किराणावाल्याकडे नेलं. त्याला म्हटलं, भाई, अरबी सहाचा आकडा लिहून दाखव. त्यानं साखरेच्या कागदावर लिहिला. कुलसुम, तो आकडा हुबेहूब इंग्रजी सात आहे.

झालं असं. मुंबईहून थेट येणाऱ्या डब्यांवर इंग्रजी आकडे असतात. ही प्रिंट बहरीनहून आली, तिकडच्या माणसानं नवे कागद चिकटवून अरबी आकडे घातलेले. पाचव्या डब्यापर्यंत इद्रीसनं लावून दिलं, मग तो चहाला गेला. मी सहाचा डबा पाहिला, म्हटलं सात. मग त्याच्या शेजारचा तो आपोआप सहा, आणि तोच आधी लावला. सहा महिने या बाजारात फिरतोय, पण भाव तोंडी विचारतो, कुराण वाचतो ते आकडे मोजून नाही. आणि पिक्चर चालू असताना ऑपरेटर गोष्ट बघत नसतो, तो उजेड बघत असतो. मलाही वाटलं, असेल बाबा आजकालची स्टाईल.

मी किराणावाल्याच्या पोत्यावर बसून हसलो. त्यानं विचारलं, हबीबी, घरून चांगली बातमी? म्हटलं, हो, माझी भाची माझ्यापेक्षा हुशार निघाली. तू न बघता खरं लिहिलंस आणि मी लावून खोटं दाखवलं. आपण दोघं एकाच खानदानातले शोभतो.

शेठला अजून सांगितलेलं नाही. ईदच्या आधी सांगितलं तर ईद बघायची वेळच येणार नाही. त्या बिचाऱ्या पिक्चरची मात्र इथं फुकट बदनामी झाली आहे, ते मला टोचतं.

आता तूच माझे डोळे. दोन्ही पिक्चर बघ आणि मला पत्र लिही. जसं बोलतेस तसं लिही. तीस जानेवारी विसरू नकोस.

मामू

माझगाव,
१३ जानेवारी १९६४

जहूरमामू यांस सलाम, आणि हे पत्र मिळताच आधी शेवटपर्यंत वाचा.

दोन्ही पाहिले. अम्मीला आता मॅटिनीची इतकी सवय झाली आहे की खालाची तब्येत रोज बिघडते. अब्बा काल म्हणाले, हाफिजाला एकदा डॉक्टरकडे न्या.

'नौलखा मीनार' मागवू नका. हत्ती दोन आहेत आणि तेच दोन्ही बाजूंच्या फौजेत आहेत. तलवारी वाकतात. अकरा गाण्यांत गोष्टीला उभं राहायला जागा नाही. 'छोटी खिड़की' मागवा. एक म्हातारी आहे, तिचा मुलगा बोटीवर नोकरीला. ती खिडकीत बसून पत्राची वाट बघते. पत्र येत नाही. शेजारची मुलगी स्वतःच खोटी पत्रं लिहून तिला वाचून दाखवते, आणि म्हातारीला पहिल्या दिवसापासून ते ठाऊक असतं. एवढीच गोष्ट आहे. मी हसले पण आणि रडले पण, आणि घरी आल्यावर तुम्हाला पत्र लिहायला बसले.

मी दोन्हींवर खरं लिहिलं. संपादकांनी मीनारवरचं वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "कुलसुम, पान पाचवर त्यांची पूर्ण पान जाहिरात आहे." मी म्हटलं, मग माझं परीक्षण छापू नका. ते म्हणाले, परीक्षण तर हवंच. त्यांनी चोपडीवरून स्वतः लिहिलं आणि खाली चकोर घातलं. माझी खिडकी कापून सात ओळींची केली, शेवटच्या पानावर, केसांच्या तेलाच्या शेजारी. मी त्या सात ओळींवर हात ठेवून बसले होते, म्हणून तेवढ्या तरी तशाच राहिल्या.

तेव्हा छापलेल्यावर विश्वास ठेवू नका. हे पत्र खरं आहे. पाक्षिक तुमच्याकडे पोचायच्या आत हे पोचावं एवढीच दुवा करते. चुकीचा पिक्चर मागवून तुमचं मशीन गेलं, आणि खाली माझं नाव असलं, तर मी लिहिणं सोडेन.

कुलसुम

शारजा,
१९ फेब्रुवारी १९६४

चि. कुलसुम हीस अनेक दुवा आणि ईद मुबारक.

तुझं तेरा जानेवारीचं पत्र मला आज मिळालं. घाबरू नकोस, पुढे वाच. ते घेऊन बोट आली त्या दिवशी दर्या इतका खवळला होता की टपालाच्या पिशव्या उतरल्याच नाहीत. बोट त्यांना घेऊन पुढे गेली, आणि तुझं पत्र कुठं कुठं फिरून आलं ते त्यालाच माहीत. आमच्या पोस्टातला माणूस म्हणाला, इन्शाल्ला येईल. आलं, ईदच्या पाचव्या दिवशी.

पाक्षिक मात्र पुढच्या बोटीनं वेळेवर आलं. अठ्ठावीस तारीख होती. शेठ समोर बसलेला. मी मोठ्यानं वाचलं: 'नौलखा मीनार, डोळे दिपवणारं, हृदय हेलावणारं.' शेठ म्हणाला, "यल्ला, तार कर." मी म्हटलं, शेठ, आज रोजा लागलाय, उद्या करतो.

घरी येऊन पुन्हा वाचलं. परीक्षण संपत होतं ते 'शहजादा मीनारावर चढतो' इथं. पुढे काही नाही. मी स्वतःशीच म्हटलं, ही चोपडी आहे. माझी कुलसुम अर्ध्या मीनारावर माणसाला टांगून ठेवणार नाही. मग मी शेवटच्या पानापर्यंत आलो. तेलाच्या बाटलीशेजारी सात ओळी. त्यात लिहिलं होतं, 'हे सांदण वरून फुगलेलं दिसत नाही, पण सुरी घालून पाहा, तळापर्यंत शिजलेलं आहे.'

अख्ख्या मुंबईत सिनेमाला सांदण म्हणणारं दुसरं कोण आहे? मी कंदील मालवला आणि सकाळी तार केली: खिडकी पाठवा.

शेठनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. प्रिंट आली तेव्हा डब्यांवरचे सगळे कागद मी फाडले, प्रत्येक रीळ हातानं उलगडून पाहिलं आणि खडूनं मराठीत आकडे घातले. इद्रीसला चहाला जायची बंदी केली.

ईदच्या दिवशी आवार भरलं. वाशांवरसुद्धा माणसं बसली. पहिली वीस मिनिटं मला घाम फुटला होता, कारण कोणी हसेना, कोणी शिटी मारेना. मग म्हातारीनं ते खोटं पत्र ऐकून शेजारणीला म्हटलं, 'मेरे बेटे की लिखावट बहुत सुधर गई है.' आधी हशा आला. मग एकदम शांत झालं. कुलसुम, तिथं चारशे बाप्ये होते आणि त्यांतल्या निम्म्यांनी सहा महिन्यांत घरी पत्र लिहिलेलं नव्हतं. ज्यांना हिंदी येत नाही ते अरबही गप्प होते, खिडकीत बसलेली आई त्यांना कळत होती. मी मशीनशेजारी उभा राहून चक्क रडलो. या वेळी मी उजेड बघत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी काय झालं माहीत आहे? आमच्या नव्या पोस्टात दुपारपर्यंत तिकिटं संपली. पोस्टातला माणूस शेठकडे भांडायला आला. पिक्चर पाच दिवस चालू आहे, दुबईहून लोक ओहोटी बघून किनाऱ्यानं गाड्या घालून येतात. शेठनं वासे दुसऱ्या आवारात हलवले आणि चार वाशांची मला बाकं करून दिली.

मग मी हिंमत करून सहाव्या रिळाचं सांगितलं. शेठनं हिशेबाची वही मिटली. म्हणाला, "म्हणजे तो पिक्चर चांगला होता? पब्लिकची चप्पल फुकट गेली?" म्हटलं, हो. म्हणाला, "मग परत मागव, आणि सीधा लाव." नाखव्याला मी स्वतः जाऊन बोलावलं. तो म्हणाला, "येतो. इन्शाल्ला, या वेळी आधी बुडेल."

बरोबर एक कागद जोडला आहे, तुझ्या संपादकांसाठी. वर लिहिलं आहे, 'शारजाच्या प्रेक्षकांकडून सांदणवाल्या चकोरला सलाम.' खाली एकशे बारा सह्या आणि अंगठे आहेत, मराठी, उर्दू, मलबारी, अरबी. नाखव्याचा अंगठा सर्वांत मोठा आहे. एक नक्कल मोहिद्दीन भावजींना पाठवली आहे. रागावू नकोस. माणसानं आपल्या घरातलं चांगलं उशिरा का होईना, बघितलं पाहिजे.

मामू

माझगाव,
८ मार्च १९६४

जहूरमामू यांस सलाम.

तुमची नक्कल आली. अब्बांनी ती दोनदा वाचली, मग उजेडात धरून अंगठे पाहिले. मला वाटलं, संपलं. विचारलं, "हा चकोर तू?" मी म्हटलं, हो. विचारलं, "आणि हाफिजा आजारी नाही?" अम्मी म्हणाली, नाही. अब्बांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

मग म्हणाले, "एकशे बारा माणसं हिच्या शब्दावर जातात आणि हिला पिक्चर चोरून बघावा लागतो, हे बरं दिसत नाही. संध्याकाळच्या खेळाला मी येत जाईन."

संपादकांनी तुमचा कागद छापला, अंगठ्यांसकट. मीनारवाल्यांनी जाहिरात काढून घेतली आहे. संपादक दोन दिवस माझ्याशी तुटक बोलले, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पुढचं लिहिताय ना? सांदण घालून." चोपडीचं नाव कोणी काढलं नाही.

काल आम्ही सव्वासहाचा खेळ पाहिला. अब्बा पहिल्या गाण्याला झोपले आणि शेवटी जागे होऊन म्हणाले, मधलं काय झालं ते सांग. मी घरापर्यंत सांगत आले. ते ऐकत होते. जिन्यात थांबून म्हणाले, "असंच लिही."

लिहिलं आहे, मामू. शेवटपर्यंत.

कुलसुम